अटारीहून निघालेला गहू

५० ट्रक आणि २५०० टन गहू. २२ फेब्रुवारी २०२२ ला अमृतसरजवळच्या अटारी नाक्यावरून अफगाणिस्तानकडे निघालेल्या पहिल्या खेपेचा हा हिशोब. तेव्हाचे परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांनी झेंडा दाखवला. अफगाण राजदूत फरीद मामुंदझई शेजारी उभे होते. भारताच्या जनतेकडून अफगाणिस्तानच्या जनतेला भेट, असं पोत्यांवर छापलेलं होतं. टीव्हीवरचा निवेदक झेंड्याबद्दल आणि तालिबानबद्दल बोलत होता, मी मात्र पोत्यांची शिलाई बघत होतो.

माझी सगळी नोकरी फूड कॉर्पोरेशनच्या मनमाड डेपोत, क्वालिटी कंट्रोलला झाली. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्यात कोंढव्याला राहायला आलो. धान्याची बातमी आली की ती मी गोदामातल्या माणसासारखीच वाचतो. २५०० टन म्हणजे ५० किलोची ५०,००० पोती. पंजाबातून मनमाडच्या सायडिंगला गव्हाचा एक रेक लागतो, म्हणजे ४२ वॅगनची मालगाडी, त्यात साधारण एवढाच माल असतो. मुकादमाने टोळ्या नीट लावल्या तर माथाडी तो रेक एका दिवसात रिकामा करतात.

एका रेकचा हा माल अटारीपर्यंत यायला साडेचार महिने लागले.

भारताने ५०,००० टन गहू देण्याचा प्रस्ताव पाकिस्तानपुढे ठेवला तो ७ ऑक्टोबर २०२१ ला, कारण जमिनीवरून जायचं तर रस्ता त्यांच्याच हद्दीतून जातो. अटारीहून वाघा, पुढे लाहोर, पेशावर, अफगाण सरहद्दीवरचा तोरखमचा नाका आणि मग जलालाबाद. पाकिस्तानचं उत्तर आलं २४ नोव्हेंबरला. अपवाद म्हणून परवानगी देऊ, म्हणाले. मग वाद सुरू झाला तो ट्रक कुणाचे यावर. पाकिस्तानला आपले ट्रक हवे होते, भारताला भारतीय किंवा अफगाण. शेवटी अफगाण ट्रक अटारीला यावेत, तिथे माल उचलावा आणि घेऊन जावा असं ठरलं. १२ फेब्रुवारीला रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी करार झाला, आणि त्यानंतर दहा दिवसांनी चाकं हलली. तोवर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे चारही महिने निघून गेले होते.

हे चार महिने म्हणजे तिथला हिवाळा. घोर, बामियान, बदख्शान या डोंगरी प्रांतांत बर्फ पडला की घाट बंद होतात. त्या गावांना लागणारं धान्य बर्फाच्या आधी पोचवून ठेवावं लागतं. आपल्याकडे धडगाव, मेळघाट, भामरागड भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांचं रेशन जूनच्या आत वर चढवून ठेवतात, तसंच. नदीला पूर आल्यावर तहसीलदाराने धान्य मंजूर केलं तर त्या मंजुरीचा पाड्यावरच्या माणसाला काय उपयोग? अफगाणिस्तानात नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात २ कोटी २८ लाख माणसं तीव्र अन्नटंचाईत असतील असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज होता. म्हणजे देशातली निम्म्याहून जास्त लोकसंख्या. आपला पहिला ट्रक निघाला तेव्हा त्या पाच महिन्यांतले जवळजवळ चार संपले होते.

आणखी एक हिशोब सांगतो. ५०,००० टन गहू त्या २ कोटी २८ लाख माणसांत सारखा वाटला तर माणशी सव्वादोन किलोही येत नाही. दर माणशी महिन्याला दहा किलो धरला तर ५० लाख लोकांना एक महिना पुरतो. हे मी मदत कमी होती म्हणून हिणवायला सांगत नाही. एवढ्या गव्हानेही लाखो घरांत चूल पेटते, आणि ती पेटली याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपण टाळ्या कशाला वाजवतो आहोत त्याचं माप ठाऊक असावं. १ जानेवारी २०२२ ला सरकारी गोदामांत ३ कोटी टनांहून जास्त गहू पडून होता. त्या हंगामाच्या १९७५ रुपये क्विंटल हमीभावाने ५०,००० टनांची किंमत ९८ कोटी ७५ लाख रुपये होते. पोती, वाहतूक, हमाली वेगळी. देश म्हणून ही रक्कम आपल्याला अजिबात जड नव्हती. जड गेला तो रस्ता.

मग तिथे एवढी भूक आली कुठून? दुष्काळ होताच, २०२१ चं पीक मार खाल्लेलं होतं. पण फक्त दुष्काळाने देश असा कोसळत नाही. ऑगस्ट २०२१ पर्यंत अफगाण सरकारचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च परदेशी पैशावर चालत होता. १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले आणि तो पैसा एका झटक्यात थांबला. मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले. बँकांत रोकड नाही, शिक्षकांना आणि नर्सना पगार नाही, मजुराला काम नाही. बाजारात पिठाची पोती दिसत होती, पण ती घ्यायला पैसा नव्हता. बंदूक घेऊन सत्तेवर आलेल्यांना शिक्षा द्यायची म्हणून जगाने जो नळ बंद केला, त्या नळावर शाळेतली बाई आणि दवाखान्यातली दाई अवलंबून होती. २२ डिसेंबर २०२१ ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २६१५ एकमताने मंजूर केला आणि माणुसकीच्या मदतीला निर्बंधांतून वाट करून दिली. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि आपण बाजूने मत दिलं. माझ्या मते त्या वर्षी आपण केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच, कारण त्या ठरावाशिवाय कुठल्याच देशाची मदत धडपणे पोचली नसती.

तालिबानला मान्यता नाही तर गहू कशाला पाठवायचा, हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. आमच्या सकाळच्या फिरायच्या गटातही यावर चांगलीच खडाजंगी झाली. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं. गहू काबूलच्या मंत्रालयाला दिलेला नव्हता, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात दिलेला होता. जलालाबादला ट्रक लागला की माल त्यांच्या गोदामात उतरणार, त्यांच्या याद्यांप्रमाणे वाटला जाणार. कुणाच्या हातात पावती पडते, यावर सगळं ठरतं. धान्याच्या धंद्यात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

त्या पोत्यांच्या प्रवासाविषयी थोडं बोलतो, कारण बातम्यांत ते कुठेच येत नाही. पाठवायचा गहू निवडताना आधी थप्प्या ठरतात. परखीने, म्हणजे पोत्यात खुपसायच्या टोकदार नळीने, प्रत्येक थप्पीतून नमुना काढायचा, ओलावा मोजायचा, काडीकचरा, फुटका दाणा, आकसलेला दाणा वेगळा करून वजन घ्यायचं. सोंडे किंवा टोके हे किडे दिसले तर थप्पीवर आच्छादन टाकून, कडेने वाळूच्या लांब पिशव्या दाबून धुरी द्यायची. आच्छादन आठवडाभर हलवायचं नाही. मग पोती ट्रकमध्ये, ट्रक नाक्यावर, तिथे हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या ट्रकमध्ये. प्रत्येक वेळी पोतं हाताळलं की थोडा दाणा सांडतो, आणि कुणी घाईत पोतं ओढायचा लोखंडी आकडा मारला तर पोतं फाटतंच. आमच्याकडे आकड्याला सक्त मनाई होती, तरी नजर ठेवावी लागायची. मनमाड ते नांदगाव एवढ्या अंतरातही तूट येते. इथे तर माल दोन सरहद्दी आणि खैबर खिंड ओलांडून जाणार. म्हणून माझा जीव त्या शिलाईत अडकला होता. भेट म्हणून दिलेला दाणा चांगला हवा. भुकेल्याला काहीही चालतं असं म्हणणारा माणूस कधी रेशनच्या रांगेत उभा राहिलेला नसतो.

मी राहिलो आहे. १९७२ च्या दुष्काळात मी येवला तालुक्यातल्या आमच्या गावी शाळकरी पोर होतो. आई-वडील पाझर तलावाच्या मातीकामावर जायचे. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडा तुटायच्या, आई पाणी जास्त लावून लावून थापायची. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटायचे, आम्ही पोरं फडक्यात बांधून घरी आणायचो. मिलो जनावरांना घालतात असं गावात बोललं जायचं, पण आमच्या घरात त्या धान्याला कुणी नाव ठेवलं नाही. वडिलांना राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. दुकानात माल कधी येणार हे कुणी सांगत नसे. आठवड्याची हजेरी बुडवून ते तालुक्याला जायचे आणि 'पुढच्या बाजारी या' एवढं ऐकून परत यायचे. किती मिळालं यापेक्षा पुन्हा कधी मिळेल, ही त्यांची चिंता होती. पुढे गोदामात नोकरी लागल्यावर आमच्याकडचा माल दुकानांना वेळेवर सुटावा म्हणून मी भांडायचो, तेव्हा डोळ्यापुढे वडीलच असायचे.

आणि हा अनुभव एकट्या आमच्या घराचा नाही, सगळ्या देशाचा आहे. १९६५ आणि १९६६ साली पाठोपाठ पाऊस हुकला. १९६६ मध्ये भारताने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं, पीएल ४८० या तिथल्या धान्य-मदतीच्या कायद्याखालचं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तेव्हा पुरवठ्याचे लांब मुदतीचे करार थांबवले आणि महिन्या-महिन्याला मंजुरी द्यायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला हा एक दबाव, आणि व्हिएतनाम युद्धावर आपण केलेली टीका त्यांना खुपत होती हेही उघड होतं. बंदराला जहाज लागलं की धान्य थेट ताटात, मागे साठा काहीच नाही, अशी अवस्था. त्या धान्याने लाखो जीव वाचवले, त्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण नळावर ज्याचा हात असतो त्याच्याकडे दर महिन्याला बघावं लागणं काय असतं, ते इंदिरा गांधींपासून माझ्या वडिलांपर्यंत सगळ्यांनी भोगलं. धान्यात स्वावलंबी होण्याची आपली जिद्द त्यातूनच पेटली. असा देश जेव्हा देणारा होतो, तेव्हा त्याच्याकडून माझी अपेक्षा इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे.

म्हणूनच त्याच वर्षी मे महिन्यात जे घडलं त्याचं मला समाधान वाटलं. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला. दाणा भरायच्या वेळी उष्णतेची लाट आली, गहू आकसला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे ला गव्हाची निर्यात बंद झाली. मोफत धान्य योजनेतला गहू कमी करून काही राज्यांना तांदूळ वाढवून दिला, त्यात महाराष्ट्रही होता. रेशन दुकानासमोर बायका विचारत होत्या, आमचा गहू कुठे गेला? त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, अफगाणिस्तानला गेला. असं बोलणारे बरेच होते, आणि ते खोटं होतं. १८८ लाख टनांपुढे ४०-५० हजार टन म्हणजे चारशेतला एखादा दाणा. आपल्या ताटातला गहू उन्हाने नेला होता. सरकारने निर्यातबंदीतही गरजू शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं आणि अफगाणिस्तानचा गहू चालू राहिला. आपल्याकडे भरपूर असताना देणं सोपं असतं. त्या उन्हाळ्यात ते सोपं नव्हतं, तरी दिलं, याचं श्रेय मी मोकळेपणाने देतो.

२२ जूनला पक्तिका आणि खोस्तमध्ये भूकंप झाला, हजाराच्या वर माणसं गेली. आपली मदत विमानाने काबूलला पोचली आणि त्याच सुमाराला बंद दूतावासात एक तांत्रिक पथक जाऊन बसलं. कागदोपत्री नाव काहीही असो, तिथे आपला माणूस असणं गरजेचं होतं. माल उतरवून घेताना पाठवणाऱ्याचा कुणीतरी हजर हवा.

पाकिस्तानमार्गे ४०,००० टन गेल्यावर तो रस्ता संपला. उरलेल्यासाठी इराणच्या चाबहार बंदराची वाट धरावी लागली. मार्च २०२३ मध्ये आणखी २०,००० टन चाबहारमार्गे द्यायचं जाहीर झालं. ही वाट आपल्याला नवीन नव्हती. २००२ मध्ये आपण अफगाणिस्तानला १० लाख टन गहू द्यायचं कबूल केलं होतं, तेव्हाही पाकिस्तानने रस्ता दिला नाही. मग त्यातल्या गव्हाची प्रथिनयुक्त बिस्किटं करून अन्न कार्यक्रमामार्फत शाळांत वाटली, सुमारे २० लाख मुलांना. शाळेत बिस्किट मिळतं म्हणून आईबाप मुलींनाही पाठवत. रस्ता अडल्यावर असा विचार कुणाला तरी सुचला, त्या अधिकाऱ्याचं नाव मला माहीत असतं तर इथे मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. पुढे २००९ मध्ये आपल्या बॉर्डर रोड्सने झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून पुरा केला. त्या कामावर हल्ले झाले, भारतीय आणि अफगाण दोन्हीकडची माणसं मारली गेली. इराणच्या सरहद्दीवरून आत येऊन हा रस्ता अफगाणिस्तानच्या मुख्य वर्तुळमार्गाला मिळतो. २०१७ च्या ऑक्टोबरात कांडल्याहून गव्हाचं पहिलं जहाज चाबहारला गेलं तेव्हा या रस्त्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं. एका सरकारने बांधलेला रस्ता दुसऱ्या सरकारच्या काळात तिसऱ्याच राजवटीतल्या भुकेल्यांना उपयोगी पडला. मदतीचा हिशोब पाच वर्षांच्या मुदतीत मांडता येत नाही तो यामुळे.

वाटपाच्या टोकाला मात्र एक घाव बसला तो भरलेला नाही. २४ डिसेंबर २०२२ ला तालिबानने स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करण्यावर बंदी घातली, एप्रिल २०२३ मध्ये तीच संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांवरही आली. स्वयंसेवी संस्थांवरच्या बंदीच्या चार दिवस आधी, २० डिसेंबर २०२२ ला, विद्यापीठांची दारंही मुलींना बंद झाली होती. घरात पुरुष नसलेल्या बाईचं नाव यादीत घालायचं तर तिच्या दारात बाईच जाऊ शकते. ती जायचीच बंद झाली तर सगळ्यात भुकेलं घर यादीतून गळतं. धान्य गोदामात असतं, थप्पी नीट रचलेली असते, नोंदवही चोख असते आणि ते घर मात्र उपाशी राहतं. म्हणून कुणी मदत थांबवा म्हटलं तर मला पटत नाही, कारण मग गळालेलं घर आणि न गळालेलं घर दोन्ही उपाशी. पण काबूलशी बोलताना प्रत्येक बैठकीत हा विषय पहिला निघायला हवा, हे मला ठामपणे वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

पुण्यात अफगाण विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून आहेत. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हेरातचा एक मुलगा भाड्याने राहायचा, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता. मला 'चाचा' म्हणायचा, बायकोला 'काकू' म्हणायला शिकला होता. ईदला सुका मेवा आणायचा, दिवाळीत आमच्याकडे चकल्या खायला बसायचा. कोविडमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा घरी गेला. जाताना पुस्तकांची ट्रंक आमच्या माळ्यावर ठेवून गेला, दोन-तीन महिन्यांत परत येतो म्हणाला. २५ ऑगस्ट २०२१ ला आपल्या सरकारने भारताबाहेर असलेल्या सगळ्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. यापुढे फक्त आपत्कालीन ई-व्हिसा, असं सांगितलं. तो हजारोंनी मागितला, मिळाला फार थोड्यांना. व्हिसा असलेले, फी भरलेले, शेवटच्या सत्रात असलेले विद्यार्थीही त्यात अडकले. सुरक्षेचं कारण दिलं गेलं. काबूल पडल्यानंतरच्या त्या दिवसांत कुणाचे पासपोर्ट कुणाच्या हातात गेले याची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण विद्यापीठाच्या हजेरीपटावर ज्याचं नाव आहे, ज्याच्या बोटांचे ठसे आपल्याच कार्यालयात आहेत, त्याची ओळख पटवणं चार वर्षं न जमण्याइतकं अवघड होतं का?

गव्हाची पहिली खेप निघाली त्या दिवशी मी त्याला निरोप पाठवला, आमच्याकडून गहू येतो आहे. त्याने आभार मानले. मग लिहिलं, 'चाचा, तो जलालाबादला जाईल, हेरात तिथून फार दूर आहे. व्हिसाचं काही कळलं का?'

त्या वाक्याने मला मदतीचा अर्थ जेवढा शिकवला तेवढा नोकरीने शिकवला नव्हता. सरकारच्या लेखी गहू परराष्ट्र मंत्रालयाच्या एका टेबलावर असतो आणि व्हिसा गृह मंत्रालयाच्या दुसऱ्या. त्या मुलाच्या लेखी दोन्ही एकच देश देत होता किंवा देत नव्हता. त्याच्या वडिलांना गहू हवा होता आणि त्याला पदवी, जिच्यावर पुढे घर चालणार होतं. ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या, मुलींसाठी ती खरोखर मोठी गोष्ट आहे, पण वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचं असलेल्या घरात प्रयोगशाळा येत नाही. अखेर २०२५ मध्ये अफगाणांसाठी व्हिसाची नवी व्यवस्था आली, विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना पुन्हा येता येऊ लागलं. हा मुलगा तोवर इराणमध्ये बांधकामावर लागला होता. ट्रंक आमच्याकडेच आहे. कुणाला द्यायची ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

हे आत्ताच लिहितो आहे कारण वाटा पुन्हा बंद झाल्या आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा नाका बंद झाला. त्या ऑक्टोबरात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात चकमकी झडल्या आणि तोरखमही बंद पडलं. चाबहारवर अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार आहे. अमेरिकेने आपली परदेशी मदत जवळपास गुंडाळली, १ जुलै २०२५ पासून यूएसएड या तिच्या मदतसंस्थेचं परदेशी मदतीचं काम बंद झालं, आणि अन्न कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा देणगीदार अमेरिकाच होता. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारला भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली, तेव्हा भारताने लगेच तंबू आणि धान्य पाठवलं. ते तत्पर होतं, चांगलं होतं. ऑक्टोबरात अफगाण परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले, आपलं तांत्रिक पथक पुन्हा दूतावास झालं. म्हणजे आता कुणाशी बोलावं हा प्रश्न उरलेला नाही.

पैशाचं बघितलं तर अर्थसंकल्पात अफगाणिस्तानच्या मदतीसाठी २०२४-२५ ला २०० कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते ५० कोटी झाले. २०२५-२६ ला १०० कोटी धरले. यातून वडिलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, पुन्हा कधी?

मी आमच्या खासदारांना पत्र पाठवलं आहे. त्यात लिहिलं आहे की अफगाणिस्तानसाठी दरवर्षी ठरावीक गहू राखून ठेवा, तो ऑगस्टपर्यंत बंदरावर आणि बर्फाच्या आत हेरातच्या गोदामात असू द्या, रस्त्याची बोलणी घोषणेच्या आधी उरका. आतापर्यंत दिलेला ५०,००० टन गहू कुठल्या प्रांतात, किती घरांना, त्यातल्या किती बायकांच्या नावावर वाटला गेला याचा तक्ता संसदेच्या पटलावर मागा. आणि २०२१ मध्ये व्हिसा रद्द झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यांना त्याच विद्यापीठात, फी माफ करून, परत यायची संधी द्या. वयाची अट लावू नका, कारण ती वर्षं त्यांनी वाया घालवलेली नाहीत. पत्राची प्रत पुणे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागालाही दिली आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.